मांजऱ्या

आमच्या मराठी विभागातल्या टेबलावर गेली नऊ वर्षे एक दगड पडून आहे. तळहातापेक्षा थोडा मोठा, काळपट करडा, अंगभर वाटाण्याएवढे पांढरे ठिपके असलेला. आमच्याकडचे विहिरी खोदणारे लोक असल्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. त्याच्या एका मोठ्या खळग्यात पांढऱ्या स्फटिकांची जुडी आहे. मध्ये आवळलेली, दोन्ही टोकांना पसरलेली, कडब्याची पेंढी असावी तशी. उत्तरपत्रिका पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत, एवढ्याच कामासाठी आम्ही तो दगड वापरत आलो.

दगड आणून दिला तो रसायनशास्त्र विभागातल्या आमच्या एका सहकाऱ्याने. 2016 चा उन्हाळा होता. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो. अहमदपूरपासून काही अंतरावर, बालाघाटाच्या उतारावर त्यांचे वावर आहे. त्या वावरात त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, त्या वर्षी विहीर खोदली. वर माती, मग मुरूम, मग हा मांजऱ्या. आठ परस खाली गेले आणि थांबले. पाणी लागले नाही, पैसे मात्र संपले. त्या विहिरीच्या ढिगाऱ्यातला हा तुकडा. सहकाऱ्याने तो टेबलावर ठेवला तेव्हा तो काही बोलला नाही, आणि आम्हीही काही विचारले नाही. मराठवाड्यात कोरड्या विहिरीविषयी फार विचारत नाहीत.

आम्ही म्हणजे दोघे. एक कविता शिकवणारा, दुसरी समीक्षा आणि भाषाविज्ञान शिकवणारी. दोघांचीही चाळिशी केव्हाच उलटली आहे. विज्ञानाशी आमचा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला होता, आणि तो संपल्याचा आम्हाला थोडा अभिमानही होता. तो अभिमान किती पोकळ होता, हे कळायला 2025 चा पावसाळा यावा लागला.

त्या वर्षी सहकाऱ्याला पीएच.डी. मिळाली. सहा वर्षे रात्री-अपरात्री तो संगणकासमोर बसत असे. पेढे वाटून झाल्यावर अण्णांनी त्याला विचारले, "सहा वर्सं रातचं बसून काय करलालतास रं?" त्याला सांगता येईना. इंग्रजीतला प्रबंध लिहिणारा, परिसंवादांतून बोलणारा माणूस स्वतःच्या बापाच्या एका प्रश्नापुढे गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. म्हणाला, "सर, मॅडम, अण्णांना वाचता येतं. पोथी वाचतात, पेपर वाचतात. मला फक्त दोन पानं मराठीत करून द्या."

आम्हाला हे काम अगदी सोपे वाटले. परिभाषा कोशांत शब्द होतेच. दोन दिवसांत आम्ही पहिले वाक्य तयार केले: सच्छिद्र पदार्थांच्या अंतःपोकळीतील उत्प्रेरित अभिक्रियामार्गांचे संगणकीय प्रतिमानन. सहकाऱ्याने ते दोनदा वाचले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मॅडम, इंग्रजीत होतं तेव्हा मला कळत होतं."

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले की आधी आपल्याला समजून घ्यावे लागेल.

पुढचा महिनाभर प्रात्यक्षिके संपल्यावर आम्ही त्याच्या प्रयोगशाळेत जाऊन बसत होतो. बाहेर पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. ऑगस्ट-सप्टेंबरच्या त्या अतिवृष्टीने मराठवाड्याचे सोयाबीन उभ्याचे कुजले, ते सगळ्यांना माहीत आहेच. वीज गेली की संगणक बंद पडायचा आणि सहकारी फळ्यावर सांगू लागायचा. खरे तर फळ्यावरचेच आम्हाला जास्त कळले.

सुरुवात त्याने खताच्या गोणीपासून केली. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सची 'उज्ज्वला' आणि 'सुफला' ही खतांची नावे आमच्या विद्यार्थ्यांच्या घराघरांत आहेत. (ही नावे कुणी सुचवली असतील, हा प्रश्न आमचा, रसायनशास्त्राचा नव्हे.) युरियासाठी आधी अमोनिया हवा, आणि अमोनियासाठी हवेतला नायट्रोजन. हवेत नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी गाठीने बांधलेले असतात, आणि ती गाठ सहजी सुटत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी ती सोडवून अमोनिया करता येतो, हे दाखवले. पण कारखान्यात परवडेल असा उत्प्रेरक शोधायला आल्विन मिटाश यांना आणि त्यांच्या मदतनिसांना हजारो मिश्रणे करून पाहावी लागली. शेवटी उपयोगी पडले ते लोखंडच, थोड्या भेसळीचे. 1913 साली ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला.

"आता," सहकारी म्हणाला, "ही हजारो मिश्रणं भट्टीत घालण्याआधी कागदावर घालता आली तर? कुठलं चालेल, कुठलं नाही, हे आधी हिशेबानं कळलं तर? आमचं सगळं काम एवढंच."

उत्प्रेरक हा शब्द निघाला तेव्हा आम्हाला आमच्या हक्काची जमीन सापडल्यासारखे वाटले. एम.ए.च्या वर्गात आम्ही दोघांनीही वर्षानुवर्षे टी. एस. एलियट यांचा 1919 चा परंपरेवरचा निबंध शिकवला आहे. त्यातला प्लॅटिनमचा दृष्टान्त वाचकांना पाठ असेल: ऑक्सिजन आणि सल्फर डायऑक्साइड असलेल्या भांड्यात प्लॅटिनमची तार ठेवली की आम्ल तयार होते, तारेत मात्र काही बदल होत नाही, आणि तयार झालेल्या आम्लात प्लॅटिनमचा अंशही सापडत नाही. कवीचे मन म्हणजे ती तार. निर्व्यक्तिकतेचा सगळा सिद्धान्त आम्ही या तारेवर टांगून शिकवला. तो आम्ही सहकाऱ्याला मोठ्या तोऱ्यात ऐकवला.

त्याने शांतपणे विचारले, "कुठलं आम्ल म्हणतात ते?"

आम्ही पुस्तक उघडले. एलियट यांनी लिहिले आहे ते सल्फ्यूरस आम्ल. सहकारी हसला. म्हणाला, त्या दोन वायूंपासून प्लॅटिनमवर होतो तो सल्फर ट्रायऑक्साइड, आणि त्याचे पुढे होते ते सल्फ्युरिक आम्ल. सल्फ्यूरस आम्लासाठी प्लॅटिनमची गरजच नाही. सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळला की झाले. इतकी वर्षे आम्ही, आमच्या आधी आमच्या गुरुजनांनी, हे वाक्य रसायनशास्त्राच्या विभागापासून एका भिंतीच्या अंतरावर शिकवले आणि भिंतीपलीकडे जाऊन एकदाही विचारले नाही.

ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता येईल. पण दुसरी गोष्ट त्याने सांगितली, ती किरकोळ नव्हती. प्लॅटिनम अलिप्त असतो, हेच मुळात खरे नाही. वायूचे रेणू त्याच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतात; प्लॅटिनमच्या अणूंशी त्यांचे बंध जुळतात; ऑक्सिजनची जोडी तिथे तुटते; पृष्ठभागावरचे अणूसुद्धा आपली जागा थोडी बदलतात. मग नवा रेणू सुटून जातो आणि पृष्ठभाग पूर्ववत होतो. शेवटी वजन केले तर ते तेवढेच भरते, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, काही झालेच नाही. उत्प्रेरक गुंततो आणि मोकळा होतो. मोकळा होण्यासाठी किती घट्ट गुंतायचे, यातच त्याची सगळी कुवत आहे. फार सैल धरले तर बंध तुटत नाहीत. फार घट्ट धरले तर रेणू सुटत नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे बसस्थानकापर्यंत न बोलता चालत गेलो. निबंध रद्द होत नाही, हे आम्हाला कळत होते. दृष्टान्त चुकला म्हणून सिद्धान्त चुकत नाही. तरी अलिप्त कवी आणि गुंतून मोकळा होणारा कवी यांत मोठे अंतर आहे, आणि आमच्या संतांची कविता शिकवताना तर दुसराच आम्हाला सतत भेटत आला होता. पहिल्याची व्याख्या फळ्यावर लिहायची आणि दुसऱ्याची कविता वाचून दाखवायची, असे आमचे चालले होते.

असो. प्रश्न अण्णांच्या दोन पानांचा होता.

सहकाऱ्याचे काम झिओलाइट नावाच्या पदार्थांवर आहे. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या जाळीचे हे स्फटिक. त्यांत रेणूच्या मापाच्या पोकळ्या आणि बोगदे असतात. 1960 च्या दशकापासून खनिज तेलाचे पेट्रोल करायला हे वापरले जातात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात एन्सिलाइट नावाचा असा उत्प्रेरक घडवला. बोगद्याच्या तोंडात मावेल तोच रेणू आत जातो. सडसडीत जातो, आडदांड बाहेर राहतो. जाळीत एखाद्या सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आला की विद्युत्प्रभाराचा हिशेब बिघडतो आणि तो जुळवायला एक हायड्रोजन तिथे लटकत राहतो. हा लटकता हायड्रोजन म्हणजे खरा कामगार. उसाच्या मळीपासून निघणाऱ्या अल्कोहोलचा रेणू आत आला की तो आपला हायड्रोजन त्याला उसना देतो. त्या उसनवारीवर अल्कोहोलमधून पाण्याचा एक रेणू सुटतो, मागे इथिलीन तयार होते, आणि जाता जाता इथिलीन एक हायड्रोजन जाळीला परत करते. इथिलीनपासून पुढे प्लॅस्टिक.

आता यात संगणक कशाला? तर या उसनवारीच्या मध्यात एक अवस्था येते, घाटमाथ्यासारखी. अलीकडे अल्कोहोल, पलीकडे इथिलीन. माथा जितका उंच तितकी क्रिया मंद. पण रेणू माथ्यावर थांबतो तो सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी काळ. त्याला धरून ठेवता येत नाही. म्हणून माथ्याची उंची गणिताने काढायची. वॉल्टर कोन यांनी 1964 मध्ये होहेनबर्ग यांच्यासह, आणि 1965 मध्ये शॅम यांच्यासह, त्यासाठी एक वाट दाखवली. शंभर इलेक्ट्रॉनांचा स्वतंत्र पाठलाग करायचा तर तीनशे चलांचे समीकरण होते. त्याऐवजी अवकाशात कुठे इलेक्ट्रॉनांची दाटी किती, एवढे कळले तरी ऊर्जा ठरते, असे त्यांनी सिद्ध केले. 1998 चे रसायनशास्त्राचे नोबेल कोन यांना जॉन पोपल यांच्याबरोबर मिळाले. या सिद्धान्तात एक पद असे आहे, की ते नेमके कुणालाच माहीत नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांना कसे टाळतात, त्याचे पद. जे ठाऊक आहे ते सगळे बाहेर काढून जे ठाऊक नाही ते त्या एका पदात भरून ठेवले आहे, आणि त्यासाठी कुठला अंदाज वापरला त्याचे नाव प्रत्येक शोधनिबंधात लिहावे लागते. आमच्या समीक्षेत हे पद सगळ्या वाक्यांत सारखे वाटून टाकलेले असते, हा आमचा शेरा, सहकाऱ्याचा नव्हे.

अडचण आकाराची. रेणू दुप्पट झाला की हिशेब दुप्पट होत नाही. साध्या पद्धतीत तो आठपट-सोळापट होतो; सर्वांत काटेकोर पद्धतींपैकी एकीत 128 पट. पुणे विद्यापीठात अनेक वर्षे अध्यापन केलेले श्रीधर गद्रे यांनी यावर जो उपाय काढला, त्याचे नावच आम्हाला आवडले: मॉलिक्युलर टेलरिंग, म्हणजे रेणूंची शिवणकला. त्यावरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा पहिला निबंध 1994 चा. आदल्याच वर्षी त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले होते. मोठा रेणू कातरायचा, प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा करायचा, मग जोडायचे. पण कातरताना तुकडे काठाला काठ लावून कापत नाहीत. शेजारच्या तुकड्याचा थोडा भाग दोन्हीकडे ठेवतात, आणि जोडताना जो भाग दोनदा मोजला गेला तो एकदा वजा करतात. वाकळ शिवणाऱ्या बायकांना हे सांगायची गरज नाही. कातरलेल्या कडेला जे बंध उघडे पडतात त्यांना हायड्रोजनची टोपी घालतात, कारण उघडा बंध खोटे उत्तर देतो. ही टोपी मुळात तिथे नव्हती, हेही लिहून ठेवतात. कादंबरीतला उतारा कापून वर्गात नेताना आम्ही त्याच्या कडांना काय घालतो, हे आम्ही कधी कुठे लिहून ठेवले आहे?

आणि मग एका संध्याकाळी सहकाऱ्याने तो दगड मागवला.

तो टेबलावर ठेवून म्हणाला, "ही पांढरी पेंढी झिओलाइटच आहे. आकारावरून स्टिल्बाइट वाटतो." लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पुढे कोट्यवधी वर्षांत त्या खळग्यांतून खनिजयुक्त पाणी झिरपते आणि असे स्फटिक वाढतात. दख्खनचा काळा पाषाण जगभरच्या संग्रहालयांत प्रसिद्ध आहे तो याच स्फटिकांसाठी. खळगे असे भरून गेले की खडकातून पाणी वाहत नाही. मांजऱ्या लागला की विहीर खोदणाऱ्याचा चेहरा उतरतो तो म्हणून. पण खळगा भरणाऱ्या त्या स्फटिकाच्या आत पुन्हा पोकळ्या असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या, आणि त्या पाण्याने भरलेल्या असतात. 1756 मध्ये क्रोनस्टेड या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा स्फटिक तापवला, तेव्हा त्यातून वाफ निघाली. म्हणून झिओलाइट, ग्रीकमध्ये उकळणारा दगड. स्टिल्बाइटच्या वजनाचा सहाव्या हिश्शाहून थोडा जास्त भाग पाणीच असतो.

आठ परस कोरड्या विहिरीतून निघालेल्या दगडात पाणी होते. नऊ वर्षे त्याच्याखाली आम्ही उत्तरपत्रिका ठेवल्या होत्या.

हे दोन पानांत घालायचे की नाही, यावर आमचे भांडण झाले. एकाचे म्हणणे, घालू नये. ज्या माणसाने सावकाराचे व्याज भरले त्याला, तुझ्या दगडात पाणी होते पण प्यायचे नव्हते, हे सांगणे क्रूर आहे, आणि ते प्रबंधात नाहीही. दुसरीचे म्हणणे, त्यांना कळेल असे यात एवढेच आहे. सहकाऱ्याने निर्णय आमच्यावर सोडला. आम्ही ते वगळले. वगळताना आम्ही एकमेकांना सांगितले की आपण केवळ भाषांतर करणारे. आपला यात काय संबंध? प्लॅटिनमच्या तारेविषयी नुकतेच इतके ऐकूनही आम्ही हे बोललो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे गावी गेलो. त्याच महिन्यात रसायनशास्त्राचे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना जाहीर झाले होते. तेही पोकळ्यांच्या पदार्थांसाठीच, धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्या जाळ्यांसाठी. याघींच्या जाळीने वाळवंटातल्या हवेतून पाणी गोळा केले, हे सहकारी वाटेत सांगत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुजलेल्या सोयाबीनचे काळे ढीग होते. ती विहीर आम्ही पाहिली. पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरली होती. वर गवत तरंगत होते.

अण्णांनी चष्मा लावून दोन्ही पाने वाचली. बोट ठेवून, पोथी वाचतात तशी. उसन्या हायड्रोजनपाशी थांबले. "परत देतंय म्हणता? माणसापरीस बरं हाय की." पुढे वाचत गेले, आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी पुन्हा मागे वळले. "गुरुजी, ह्ये पोकळी पोकळी लिव्हलंय, ही कसल्या दगडात असती?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मुलगाच बोलला. "आपल्या हिरीतला मांजऱ्या, अण्णा. त्यातलं पांढरं."

"त्यात काय असतंय?"

"पाणी."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग ह्ये ह्यात का न्हाई लिव्हलं?"

त्याचे उत्तर आम्ही दिले ते आता आठवत नाही. काहीतरी गुळमुळीतच असणार. अण्णांनी ते ऐकून घेतले. मग ते उठले, गोठ्यामागच्या ढिगातून एक दगड घेऊन आले आणि मुलापुढे ठेवला. "काढून दाव."

सहकाऱ्याने खिळ्याने ती पेंढी खरवडली. चिमूट-दोन चिमूट भुगा एका काचेच्या नळीत घातला. नळी त्याच्या पिशवीत होती, म्हणजे त्याच्या मनात हे असावेच. आईंनी चूल फुंकली. निखाऱ्यावर त्याने चिमट्याने नळी आडवी धरली. थोड्या वेळाने नळीच्या थंड तोंडाशी आतून धुके धरले, आणि त्याचे बारीक थेंब झाले, एक, दोन, मग बरेच.

अण्णांनी नळी थंड होऊ दिली, करंगळी आत घालून फिरवली आणि बोट जिभेला लावले.

"सपक हाय," ते म्हणाले. मग मुलाकडे वळून, "आठ परसात असं किती आसंल, त्याचा हिशोब मांड की आता."

सहकाऱ्याने आमची दोन पाने उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर विहिरीचा व्यास लिहिला.